जुन्या मोटारसायकलची हलणारी सीट पक्की करताना

ठाण्यात पावसाळा सरत आला की जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: सीट हलू लागली आहे. चार महिने गाडी घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणि गल्लीबोळांतल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकांवरून चाललेली असते, सीटखाली पाणी साचलेले असते, खाडीकडून येणाऱ्या दमट हवेने नटांवर गंज धरलेला असतो, आणि उन्हाळ्यात जागेवर घट्ट बसलेली सीट आता ब्रेक दाबताच अर्धा इंच पुढे सरकते. अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल तो पाना घेतात आणि दिसेल तो नट आवळतात. दोन-तीन दिवस बरे वाटते, मग सीट पुन्हा हलते, पुन्हा नट आवळला जातो, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला बोल्टाचे आटे जातात किंवा सीटचा पत्रा फाटतो. माझ्या बुलेटच्या सीटचा मागचा कान, म्हणजे बोल्ट घालायची भोकाची पट्टी, असाच फाटला आणि तो दुरुस्त करताना जे समजले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढची सारी कृती तिच्यावर उभी आहे. नट सैल झाला म्हणून सीट हलते, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा सीट हलते म्हणून नट सैल होतो. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो. ते पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधली घर्षणाची पकड क्षणभर सुटते आणि ताणलेला बोल्ट प्रत्येक हिसक्यासरशी केसभर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी हेच दाखवून दिले, आणि अशा आडव्या सरकण्यापुढे नेहमीचा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही हेही त्या पद्धतीच्या चाचण्यांतून दिसून आले. ३४६ सीसीचे एकच सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) असलेल्या बुलेटसारख्या गाडीवर असे हिसके मिनिटाला हजारोंनी बसतात. म्हणून सीट आडवी का सरकते आहे ते शोधून ते सरकणे थांबवावे; आवळणे हे अगदी शेवटचे काम आहे.

हे काम टाळण्यासारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे बसणाऱ्या व्यक्तीची सीट चालकाच्या मागे आणि गाडीला पक्की बसवलेली असणे बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वळणावर गाडी कललेली असताना सीट एकीकडे सरकली की चालकाचे शरीर नकळत हँडलला लटकते, आणि गाडी जिकडे न्यायची नाही तिकडे जाते.

हालचाल नेमकी कुठे आहे

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागेत उभी करावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चांगला उजेड नसेल तर हे काम सकाळी उघड्यावर करावे, कारण तडे आणि घासल्याच्या खुणा अंधुक प्रकाशात दिसत नाहीत. एका हाताने सीटचे पुढचे टोक धरून डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्या हाताचे बोट सीटचा पत्रा व चासी यांच्या सांध्यावर अर्धे-अर्धे टेकवावे. दोन भागांमधली हालचाल डोळ्याला दिसली नाही तरी बोटाला लगेच कळते. पुढचा सांधा झाला की मागचे दोन्ही सांधे असेच तपासावेत, आणि मग मागे कोणाला तरी बसवून, त्या व्यक्तीला हळूहळू अंग हलवायला सांगून, पुन्हा एकदा सगळीकडे बोट फिरवावे. रिकाम्या सीटवर शांत राहणारा सांधा वजनाखाली बोलू लागतो.

या तपासणीत पहिल्यांदा एक शंका दूर करून घ्यावी. वरचे आवरण धरून हलवल्यावर सीट हलते, पण खालच्या पत्र्याची कड धरून हलवल्यावर ती हलत नाही, असे असेल तर दोष नट-बोल्टात नाही. फोम पत्र्यापासून सुटला आहे किंवा रेक्झिन धरून ठेवणारे दाते गंजून मोडले आहेत. ते काम सीट शिवणाऱ्याचे. त्याने जुन्या फोमच्या जागी नवा बसवताना फोमची उंची मूळ उंचीपेक्षा वाढवू नये, एवढे मात्र त्याला बजावून सांगावे, कारण उंच सीटमुळे सांध्यांवर येणारा पिळ वाढतो.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. सीट जिला जोडली आहे ती मागची नळीच कुठे तडकलेली असेल तर हालचाल अगदी सैल सीटसारखीच वाटते. वेल्डच्या कडेने रंगाला गेलेली बारीक रेघ, त्या रेघेतून ओघळलेला तांबूस गंज, आणि वजन टाकल्यावर त्या रेघेची उघडझाप, या तीन खुणा पाहाव्यात. जागा रॉकेलने स्वच्छ पुसून, कोरडी करून, वर खडूची पूड घासली तर तड्यात उरलेले रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवते. अशी रेघ उमटली तर गाडी चालवणे थांबवावे आणि चासीचे काम जाणणाऱ्या वेल्डरकडे ती टेम्पोतून न्यावी. पुढची कुठलीही कृती या दोषावर उपाय नाही.

सीटचे तीन प्रकार

जुन्या गाड्यांवर सीट बसवण्याच्या तीन पद्धती आढळतात. पहिली, स्प्रिंगवरची एकट्याची सॅडल, जी पुढे एका आडव्या बोल्टावर झुलते आणि मागे दोन स्प्रिंगांवर टेकते. जुन्या बुलेटवर मागे मडगार्डवर दुसऱ्या व्यक्तीसाठी वेगळी पिलियन सीट असलेली अशी रचना अजून दिसते. दुसरी, पत्र्याच्या तळावरची दोघांची लांब सीट, जिची पुढची जीभ किंवा आकडा चासीच्या पट्टीखाली अडकतो आणि मागचे दोन कान बोल्टांनी जखडले जातात. तिसरी, बिजागरीवर उघडणारी आणि खटक्याने बंद होणारी सीट. आपली सीट कोणती, ती मूळची आहे की मधल्या कोणा मालकाने दुसऱ्या गाडीची बसवली आहे, हे काम सुरू करण्याआधी ठरवावे. दुसऱ्याच गाडीची सीट कशीबशी बसवलेली असेल तर ती कितीही आवळली तरी बसणार नाही, कारण तिचे कान आणि चासीवरची जागा एका पातळीत नसतात.

सीट उतरवणे

बॅटरीचे चासीला जोडलेले टर्मिनल आधी काढावे. सीटचा पत्रा लोखंडी असतो, तो उचलताना किंवा परत ठेवताना बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलला टेकला तर ठिणगी उडते, आणि ती टाकीपासून हातभर अंतरावर. कोणते टर्मिनल चासीला आहे ते डोळ्यांनी पाहून ठरवावे. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत धन टर्मिनल चासीला जोडण्याची रीत होती, त्यामुळे सवयीने काळी तार शोधू नये.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी पुन्हा एकदा सोडावे आणि नटावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आट्यांत उतरते. जवळच पेट्रोलची टाकी असल्यामुळे नट गरम करून सोडवण्याचा मोह इथे पूर्णपणे टाळावा. तशीच वेळ आली तर टाकी उतरवून दूर ठेवावी. निघालेला प्रत्येक वॉशर, रबर आणि स्लीव्ह (बोल्टावर बसणारी आखूड लोखंडी नळी) ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. गळून गेलेल्या भागांचा पत्ता बहुधा या ओवलेल्या क्रमातच लागतो: डाव्या बाजूला दोन रबरे आणि एक स्लीव्ह, उजवीकडे नुसताच वॉशर, असे दिसले की उजवीकडचे काय हरवले ते वेगळे विचारावे लागत नाही.

आट्यांची ओळख

या विषयावर मी थोडा थांबतो, कारण जुन्या गाड्यांच्या सीटचे सर्वाधिक नुकसान चुकीच्या बोल्टाने होते. जावा, येझदी, राजदूत आणि यामाहा या गाड्या मिलिमीटरच्या मापाच्या आहेत. जुन्या बुलेटचा आराखडा मात्र ब्रिटिश, आणि तिच्यावर इंचाच्या मापाचे, तेही व्हिटवर्थ, ब्रिटिश फाइन, सायकल थ्रेड अशा वेगवेगळ्या जातींचे आटे असतात. आपल्याकडे कारागीर ज्याला अडीच सुती बोल्ट म्हणतात, तो ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर व्यासाचा असतो. बाजारात सहज मिळणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्यापेक्षा जेमतेम सहा शतांश मिलिमीटर जाड असतो, म्हणून तो जुन्या नटात दोन-तीन फेरे सहज जातो आणि बसला असे वाटते. प्रत्यक्षात ५/१६ इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टावर इंचाला १८ आटे असतात, ब्रिटिश फाइनवर २२, सायकल थ्रेडवर २६, आणि ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टावर आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला सुमारे २० आटे. जोर लावून चढवलेला असा बोल्ट दोन-तीन आट्यांवरच लटकतो, बाकीचे कापून टाकतो, आणि काही दिवसांत सुटून येतो.

म्हणून थ्रेड गेज घेऊन जुन्या बोल्टाचे आटे मोजावेत. गेज नसेल तर माहीत असलेल्या मापाचा बोल्ट जुन्या बोल्टाला चिकटवून उजेडासमोर धरावा. आटे एकमेकांत पूर्ण लांबीभर बसले आणि मधून प्रकाश दिसला नाही तर माप जुळले. नवा बोल्ट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या आवळणीसाठी असतो. पान्याचेही असेच आहे: पाव इंच व्हिटवर्थच्या पान्याचे (हे माप बोल्टाच्या व्यासाचे) तोंड सुमारे १३.३ मिलिमीटरचे असते, त्यामुळे १३ चा पाना नटावर चढत नाही आणि १४ चा पाना कोपरे गोल करून टाकतो. बुलेट सांभाळणाऱ्याने व्हिटवर्थचे तीन-चार रिंग पाने घेऊन ठेवावेत. त्यांचा खर्च एकाच सीटच्या कामात वसूल होतो.

चासीवरच्या वेल्ड केलेल्या नटातले आटे गेले असतील तर तिथे मोठे भोक पाडून मोठा बोल्ट घालण्याची घाई करू नये. आधी योग्य मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) तेल लावून हळूहळू फिरवून पाहावा, कारण पुष्कळदा आटे गेलेले नसतात, रंग आणि गंज यांनी भरलेले असतात. खरोखरच गेले असतील तर तारेची गुंडाळी बसवून मूळ मापाचे आटे परत मिळवता येतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी तरतूद झाली, तिच्यात गाडी मूळ रूपात असणे आणि चासीत बदल केलेला नसणे अपेक्षित आहे. नोंदणी करायची नसली तरी हा दंडक मला मनापासून पटतो: सीट, रबर, बोल्ट हे बदलता येतात, चासीला पाडलेले भोक मात्र कायमचे.

रबराचे काम रबराने, लोखंडाचे लोखंडाने

लांब सीटच्या बाबतीत हलण्याचे मूळ बहुधा रबरात असते. पत्रा आणि चासी यांच्यामध्ये बसवलेली रबरे वीस-तीस वर्षांत कडक होतात, चिरतात आणि चपटी होतात. ८ मिलिमीटरचे रबर ५ मिलिमीटरचे झाले की तेवढी ३ मिलिमीटरची मोकळीक सीटला मिळते. ती मोकळीक नट आवळून भरायला गेले की पत्र्याचा कान वाकतो, आणि वाकलेला कान पुढे तडकतो.

नवे रबर म्हणून सायकलच्या ट्यूबच्या घड्या घालू नयेत. ते रबर फार मऊ असते, बोल्टाखाली चेपून बाहेर पसरते आणि महिन्याभरात पुन्हा जागा मोकळी होते. ६० शोअरच्या आसपास कडकपणा असलेली जाड रबर शीट घ्यावी, तिच्यातून धारदार पाइपने किंवा पंचाने गोल चकत्या काढाव्यात, आणि प्रत्येक चकतीच्या भोकात बोल्टावर सहज सरकेल अशी लोखंडी स्लीव्ह घालावी. स्लीव्हची उंची रबरापेक्षा थोडी कमी ठेवावी. ८ मिलिमीटरच्या रबराला साडेसहा मिलिमीटरची स्लीव्ह पुरते. बोल्ट आवळला की रबर दीड मिलिमीटर दबते, मग वरचा जाड, रुंद वॉशर स्लीव्हला टेकतो आणि पुढचा सारा ताण लोखंड लोखंडावर घेते. असा सांधा सैल होत नाही. उलट नुसत्या रबरावर आवळलेला बोल्ट कधीच घट्ट राहू शकत नाही, कारण रबर दबतच राहते आणि ताण उतरतच राहतो. रबर बसवताना त्याला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरेसा आहे.

पुढच्या जिभेकडे विशेष लक्ष द्यावे. सीट पुढे-मागे सरकत असेल तर मागचे बोल्ट निर्दोष असूनही जीभ आणि तिची पट्टी यांच्यात फट असते. जिभेला रबराचा तुकडा चिकटवून ती इतकी भरावी की सीट बसवताना तळहाताने मागून एक दणका द्यावा लागेल. त्याच वेळी टाकीचे मागचे टोक आणि सीटचे नाक यांच्यात चार-पाच मिलिमीटर जागा राहिली आहे ना, ते पाहावे. नाहीतर पक्की बसलेली सीट टाकीचा रंग खाते.

लांबलेली भोके आणि कुजलेला पत्रा

सीट बराच काळ हलत राहिली असेल तर कानातले गोल भोक अंड्यासारखे लांब झालेले आढळते. तिथे मोठा वॉशर टाकून वेळ मारून नेता येते, पण बोल्टाला आडवी जागा उरतेच आणि सुरुवातीला सांगितलेले चक्र पुन्हा सुरू होते. योग्य उपाय असा, की कानाच्या दोन्ही बाजूंनी अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा, नेमक्या भोकाचा वॉशर वेल्ड करून घ्यावा. वॉशर पूर्ण वेल्ड करण्यापूर्वी सीट गाडीवर ठेवून, बोल्ट घालून, दोन ठिपके वेल्डचे मारून जागा पक्की करावी आणि मग सीट उतरवून बाकीचे वेल्डिंग बाकावर करावे. गाडीवर ठिपके मारताना बॅटरी सुटलेली आणि टाकी उतरवलेली हवी.

वेल्डिंगच्या आधी सीटवरून रेक्झिन आणि फोम पूर्णपणे काढून टाकावा. पॉलियुरेथेनचा फोम धुमसला तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, आणि फोमच्या आत लपलेली आग उशिरा दिसते. जस्ताचा मुलामा असलेले वॉशर कानसने किंवा ग्राइंडरने घासून उघडे करावेत, कारण जस्ताचा धूर हुंगल्याने थंडी-ताप भरतो. ही सूचना कारागिराला करायला संकोचू नये.

पत्र्याचा तळ उलटा करून टोकदार स्क्रू ड्रायव्हरने टोचत जावे. टोक जिथे सहज आत जाईल तिथला पत्रा कामातून गेलेला आहे. तेवढा भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढावा आणि त्यावर सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचे ठिगळ, सगळीकडून एक-एक इंच जास्तीचे, कोपरे गोल करून लावावे. टोकदार कोपऱ्यापासून नवा तडा सुरू होतो, म्हणून कोपरे गोल करण्याचे काम किरकोळ समजू नये. नंतर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक लावून, धुऊन, पूर्ण वाळवून, प्राइमरचे दोन हात आणि वर तैलरंग द्यावा. तळाला कारखान्यातूनच पाडलेली पाणी निघून जाण्याची भोके रंगाने किंवा ठिगळाने बुजू देऊ नयेत. ठाण्याच्या पावसात ती भोके बुजलेली सीट म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज, आणि तळ कुजण्याची सुरुवात तिथूनच होते.

या कामासाठी ठाणेकरांना लांब जावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी आतल्या गल्ल्यांमध्ये लेथ आणि फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉप अजून चालू आहेत. नवी मुंबईकरांना रबाळे-महापेचा पट्टा तसाच उपयोगी पडतो. कारागिराकडे जाताना जुना भाग, त्याचे मोजमाप आणि साधे चित्र, असे तिन्ही बरोबर न्यावे. सीट दाखवून नुसते "घट्ट करून द्या" म्हटले तर तो बोल्ट सरळ चासीलाच वेल्ड करून देण्याची शक्यता असते, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

झुलणारी सॅडल

स्प्रिंगच्या सॅडलची अडचण वेगळी आणि, माझ्या मते, सर्वांत रंजक आहे. तिच्या पुढच्या बोल्टाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात: सॅडल वर-खाली मोकळी झुलली पाहिजे, पण डावी-उजवीकडे अजिबात हलता कामा नये. बोल्ट सैल ठेवला तर ती खडखडते, आवळला तर जखडते आणि स्प्रिंगांचा उपयोगच उरत नाही. ही गाठ स्लीव्हने सुटते. चासीवरच्या गोल कानात एक स्लीव्ह असते, तिच्यातून बोल्ट जातो, आणि सॅडलच्या चौकटीचे दोन पाय दोन्ही बाजूंनी त्या स्लीव्हच्या टोकांना दाबून बसतात. स्लीव्ह कानाच्या रुंदीपेक्षा किंचित लांब असली की बोल्ट पूर्ण आवळूनही सॅडल मोकळी राहते, कारण सगळा दाब स्लीव्हवर जातो आणि स्लीव्ह कानात फिरते. काही गाड्यांत स्लीव्हच्या ऐवजी खांदा असलेला बोल्ट असतो, तत्त्व तेच.

वर्षानुवर्षांच्या झुलण्याने स्लीव्ह बाहेरून झिजते, कान आतून झिजतो, आणि स्लीव्हची टोके घासून ती आखूड होते. व्हर्नियरने कानाची रुंदी आणि स्लीव्हची लांबी मोजावी. स्लीव्ह कानापेक्षा आखूड किंवा बरोबरीची निघाली तर दोष सापडला. लेथवर नवी स्लीव्ह कानापेक्षा दोन दशांश मिलिमीटर लांब कापून घ्यावी. कान आतून अंडाकृती झाला असेल तर तो रीमर फिरवून गोल करावा आणि त्यात गनमेटलचा पातळ बुश (अस्तरासारखी नळी) दाबून बसवावा, म्हणजे यापुढची झीज बुश सोसेल. बसवताना ग्रीस भरपूर लावावे आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर हा बोल्ट काढून पुन्हा ग्रीस करावा. एवढे केले तर ही स्लीव्ह पुढची कित्येक वर्षे टिकेल.

मागच्या दोन स्प्रिंगा उतरवून टेबलावर शेजारी-शेजारी उभ्या कराव्यात. त्यांच्या उंचीत चार-पाच मिलिमीटरचा फरक दिसला तर सॅडल एका कुशीवर कलते आणि पुढचा बोल्ट तिरपा झिजतो. अशा वेळी स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात. पिलियन सीट मडगार्डवर असेल तर मडगार्डचे टेकूही तपासावेत, कारण तिचे वजन शेवटी त्यांच्यावरच पडते.

बिजागरीच्या सीटबद्दल थोडक्यात सांगता येईल. बिजागरीची पिन झिजलेली असेल तर भोक पुढच्या मापाला रीमरने मोठे करून त्या मापाची नवी पिन घालावी. खटका खडखडत असेल तर खटक्याला हात लावण्याआधी सीटखालची बसकी रबरे पाहावीत. ती रबरे सीटला वर ढकलून खटका ताणात ठेवतात, आणि ती चपटी झाली की निर्दोष खटकाही वाजू लागतो. रबरे बदलल्यावर सीट बंद करायला तळहाताचा जोर लागला पाहिजे.

परत बसवणे

सीट ठेवण्याआधी खालून जाणाऱ्या तारा बाजूला बांधून घ्याव्यात. मागच्या दिव्याची तार सीटच्या कानाखाली चिरडली गेल्याचे कळते तेव्हा बहुधा रात्र असते. बॅटरीच्या टर्मिनलवरचे रबराचे टोपण आणि पत्रा यांच्यात किमान बोटभर अंतर हवे, कारण वजनाने पत्रा खाली येतो.

मागचे बोल्ट मडगार्डमधून जात असतील तर त्यांचे डोके टायरच्या बाजूला आणि आटे वरच्या बाजूला राहतील अशा रीतीने घालावेत. उलटे घातलेले लांब बोल्ट मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण वर आले की टायर कापतात. मागे पकडण्याचा दांडा याच बोल्टांवर असेल तर बोल्टाची लांबी त्याची जाडी धरून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकड आवश्यक आहे, तेव्हा सीट नीट बसत नाही म्हणून तो दांडा काढून टाकणे हा मार्ग नव्हे.

मिलिमीटरच्या मापाच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीचा दर्जा कोरलेला असावा. नट नायलॉनच्या कड्याचा, म्हणजे नायलॉक, वापरावा, तो प्रत्येक वेळी नवा घ्यावा, आणि आवळल्यावर बोल्टाचे एक-दोन आटे नटाबाहेर दिसावेत. जिथे चासीवरच वेल्ड केलेला नट आहे तिथे आटे पेट्रोलने पुसून, पूर्ण कोरडे करून निळे थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारे द्रव) लावावे आणि चोवीस तास गाडी हलवू नये. लाल थ्रेडलॉकर मात्र इथे वापरू नये; ते सोडवायला उष्णता द्यावी लागते, आणि टाकीशेजारी ती देता येत नाही.

क्रम असा ठेवावा: आधी पुढची जीभ किंवा पुढचा बोल्ट जागेवर, मग मागचे दोन्ही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत, मग कोणाला तरी सीटवर बसवून, वजन असतानाच, डावा-उजवा आलटून-पालटून दोन टप्प्यांत आवळणे. वजनाखाली सीट जिथे स्थिरावते तीच तिची खरी जागा. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १५ ते २० न्यूटन मीटर आणि ६ मिलिमीटरच्या बोल्टाला ८ ते १० न्यूटन मीटर जोर पुरेसा होतो. टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना) नसेल तर आखूड रिंग पाना एका हाताने, मनगटाच्या जोरावर आवळावा. पान्याला पाइप लावू नये.

शेवटी प्रत्येक नटावरून वॉशरवर आणि तिथून कानावर अशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिली फेरी घराजवळ, गतिरोधक असलेल्या शांत रस्त्यावर, कमी वेगाने मारावी. मी उपवन तलावाकडे सकाळी जातो. परत आल्यावर बोटाने पुन्हा सांधे तपासावेत. पन्नास किलोमीटर झाल्यावर रबरे जागेवर बसलेली असतात, तेव्हा नट एकदाच ताडून पाहावेत आणि रेघ तुटली असेल तर नवी ओढावी. पुढे दोनशे किलोमीटरला फक्त रेघा पाहाव्यात. त्या जुळलेल्या असतील तर पाना लावू नये. एखादी तुटलेली दिसली तर तो नट आवळून गप्प न बसता त्याच सांध्यावर पुन्हा बोट ठेवून हालचाल शोधावी.